बर्फाळ रस्त्यासाठी गाडी निवडताना

मैत्रिणींनो, गाडी घ्यायची बोलणी घरात सुरू झाली की आपण चहा ठेवायला आत जातो. किती सीसी, किती अ‍ॅव्हरेज, कुठली कंपनी हे बाहेर ठरतं आणि आपल्याला विचारतात ते फक्त रंगाचं. पण आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. शिवाय कुणाची मुलगी, कुणाची भाची, कुणाची नणंद परदेशात अशा गावी नांदते आहे की जिथे वर्षातले चार-पाच महिने रस्त्यावर बर्फ असतं. तिथे गाडी ही हौस नसते. दूध आणायचं तरी गाडी लागते आणि कामावर जायचं तर लागतेच लागते.

माझी धाकटी जाऊ अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोला असते. हे न्यूयॉर्क म्हणजे उंच इमारतींचं शहर नव्हे बरं का, त्या राज्याचं पार दुसरं टोक. ती तिथल्या एका इस्पितळात रक्त तपासण्याच्या खोलीत काम करते. सकाळी सहाला हजर राहावं लागतं, म्हणजे पाचला घर सोडायचं, चार वर्षांच्या मुलाला पाळणाघरात पोचवायचं आणि पुढे वीस किलोमीटर जायचं. दीर फिरतीवर असतात. गेल्या हिवाळ्यात तिची जुनी गाडी एका चौकात लाल दिव्यापाशी थांबलीच नाही, घसरत चौकाच्या मधोमध गेली. नशिबाने समोरून कुणी आलं नाही. मागच्या सीटवर मुलगा होता. त्या दिवसानंतर महिनाभर तिला रात्री नीट झोप नव्हती, हे तिने सासूबाईंना नाही सांगितलं, मला सांगितलं.

मग दुसरी गाडी घ्यायचं ठरलं. दिरांचं म्हणणं, "ऑल व्हील ड्राइव्ह घेऊन टाकू, वहिनी, म्हणजे काळजी मिटली." जाऊ मला म्हणाली, "ताई, काळजी खरंच मिटते का, ते मला समजून घ्यायचंय." मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई, पण तिच्या निमित्ताने मीही सगळं समजून घेतलं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना पिडलं, आमच्या गॅरेजवाल्या काकांना पिडलं, मिळालं ते वाचलं. तेच इथे मांडते आहे.

आधी बर्फाविषयी. आपण सिनेमात पाहतो तसं ते एकाच जातीचं नसतं. बफलो हे ईरी सरोवराच्या पूर्वेच्या टोकाला आहे. सरोवराच्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून थंड वारे येतात, वाफ उचलतात आणि किनाऱ्यावर बर्फ म्हणून ओततात. सरासरीने एका हिवाळ्यात तिथे जवळजवळ आठ फूट बर्फ पडतं. डिसेंबर 2022 मध्ये नाताळच्या सुमारास आलेल्या हिमवादळात त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यातली काही रस्त्यात अडकलेल्या गाड्यांत सापडली. नुकतं पडलेलं भुसभुशीत बर्फ हे रव्यासारखं असतं, त्यात चाक रुतून फिरत राहतं. दुपारी ते वितळून चिखलासारखं होतं आणि रात्री पुन्हा गोठतं. मग होतो तो सगळ्यांत वाईट प्रकार, काचेसारखा पारदर्शक थर. खालचा डांबराचा रंग दिसत असतो म्हणून तिकडे त्याला काळं बर्फच म्हणतात. रस्ता नुसता ओला वाटतो आणि गाडी त्यावर गेली की कळतं. पुलांवर हा थर सर्वांत आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो.

आता ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे काय? साध्या गाड्यांत इंजिनची ताकद दोनच चाकांना मिळते, हल्ली बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन. बाकीची दोन नुसती मागून ओढली जातात. पुढची चाकं बर्फावर गरगर फिरू लागली की गाडी जागची हलत नाही. ताकद चारही चाकांना मिळाली तर ज्या चाकाखाली पकड आहे ते गाडीला पुढे नेतं. जड कपाट दोघांनी ओढण्यापेक्षा चौघांनी ढकललं तर सरकतं, तसंच.

पूर्वी ही सोय बहुतेक करून जीपगाड्यांपुरती होती. जपानच्या उत्तरेकडच्या तोहोकू भागातल्या वीज कंपनीला बर्फातून डोंगरातल्या तारा तपासायला माणसं पाठवावी लागत. जीपमध्ये माणसं कुडकुडत. तेव्हा सुबारूने साध्या घरगुती गाडीला चारही चाकांची ओढ बसवून दिली, आणि 1972 मध्ये तशी लिओनी नावाची गाडी बाजारात आणली. पुढे 1980 मध्ये जर्मनीच्या ऑडीने क्वात्रो काढली आणि मग ही गोष्ट शौकिनांतही गेली. पण मला वीजवाल्यांची गोष्टच आवडली, कारण ती गरजेतून आली.

गाडी बघायला जाल तेव्हा एक फरक लक्षात ठेवा. फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह हे शब्द लोक सरमिसळ करून वापरतात. आपल्याकडच्या थार किंवा जिम्नीसारख्या गाड्यांत चार चाकांची ओढ दांडा टाकून चालू करायची असते आणि ती चिखलात, वाळूत, बर्फात वापरायची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चालू ठेवली तर वळताना पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन आतली यंत्रं झिजतात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये आपल्याला काही करावं लागत नाही. सुबारूच्या बहुतेक गाड्यांत ताकद कायमच चारही चाकांकडे जाते. होंडा सीआर-व्हीसारख्या गाडीत एरवी पुढची चाकंच काम करतात आणि गरज लागली की मागच्यांना ताकद जाते. टोयोटाच्या चार चाकी ओढीच्या हायब्रिड राव-फोरमध्ये मागच्या चाकांना वेगळी विजेची मोटर असते. ज्या बाईला अर्धवट अंधारात, मागे रडणारं मूल घेऊन निघायचं आहे, तिच्यासाठी आपोआप चालणारी सोयच बरी. दांडा कधी टाकायचा आणि कधी काढायचा हे डोकं तिने कुठे चालवावं?

इथवर दिरांचं म्हणणं बरोबर होतं. पण जावेची गाडी त्या चौकात निघाली नाही अशी तक्रार नव्हतीच. ती थांबली नाही, ही तक्रार होती. आणि ब्रेक तर कुठल्याही गाडीला चारही चाकांना असतातच! दोन चाकांची ओढ असो की चार चाकांची, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते ती टायरने रस्ता किती धरला त्यावर. इंजिनची ताकद किती चाकांना जाते याचा थांबण्याशी संबंध नाही. उलट चार चाकांच्या ओढीने गाडी बर्फावरसुद्धा झटकन वेग घेते, म्हणून चालवणाऱ्याला रस्ता चांगला आहे असं वाटतं आणि तो जोरात जातो. थांबायची वेळ येते तेव्हा सगळे सारखेच.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशेब करून दाखवला. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर साधारण 15 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर 20 मीटर लागतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर 50 मीटरच्या आसपास आणि निव्वळ काचेसारख्या बर्फावर 100 मीटर! यात आपण दचकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत गेलेलं अंतर धरलेलंच नाही. शंभर मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकापासून पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. मी ते जावेला कळवलं, तिने ते दिरांना दाखवलं, आणि मग घरातली चर्चा गाडीवरून टायरवर आली.

टायरचं प्रकरण आपल्याला कळायला सोपं आहे. थंडीत खोबरेल तेल थिजतं की नाही? तसंच रबराचं. साध्या टायरचं रबर साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं आणि रस्त्याला चिकटेनासं होतं. हिवाळी टायरचं रबर निराळं असतं, थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फाला धरतात. म्हणजे बर्फ पडलेलं नसलं, नुसती कडक थंडी असली, तरी त्या टायरचा उपयोग आहेच. तिकडच्या गाड्यांना 'बारमाही' म्हणून जे टायर येतात ते नावाचे बारमाही. हलक्या थंडीला ठीक, पण बफलोच्या जानेवारीला त्यातले पुष्कळसे पुरे पडत नाहीत.

ओळखायचे कसे? टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं फूल अशी खूण असते. ती खूण बर्फावर चाचणी झाल्याशिवाय मिळत नाही. नुसतं एम आणि एस लिहिलेलं असलं तर त्यावर विसंबू नये, ती अक्षरं अशा चाचणीशिवायही छापता येतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ते लागतातच, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे डोंगराची खूण असलेलेच टायर चालतात. एम-एसवाले बाद झाले. ज्यांची भावंडं तिकडे आहेत त्यांनी आवर्जून विचारा.

एका विक्रेत्याने मात्र जावेला सांगितलं, "चार चाकांची गाडी घेताय ना, मग हिवाळी टायरचा खर्च कशाला?" त्याला गाडी विकायची होती. पहाटे त्या चौकातून त्याला जायचं नव्हतं.

आता पैशाचा हिशेब. तिकडे एकाच गाडीची चार चाकी ओढीची आवृत्ती घ्यायची तर साधारण दीड ते दोन हजार डॉलर जास्त पडतात, शिवाय गाडी जड होते आणि पेट्रोल थोडं जास्त खाते. चार हिवाळी टायरना सहाशे ते हजार डॉलर लागतात. पहिल्यांदा डोळे पांढरे होतात, पण दोन जोड चपला आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही जास्त टिकतात, तसे हिवाळ्यात एक संच आणि उन्हाळ्यात दुसरा, म्हणजे खर्च वर्षांवर वाटला जातो. हे टायर चारही बसवायचे. पुढेच दोन बसवले तर मागची बाजू घसरून गाडी गिरकी घेते. चार चाकी ओढीच्या गाडीत एक खर्च मात्र लपलेला असतो. चारही टायर एका जातीचे आणि सारख्याच झिजेचे लागतात. एक टायर फाटला म्हणून एकच नवा टाकला तर यंत्रावर ताण येतो, त्यामुळे कधी कधी चारही बदलावे लागतात.

दोहोंपैकी एकच परवडत असेल तर? माझं मत स्पष्ट आहे. साधी पुढच्या चाकांची गाडी आणि चार चांगले हिवाळी टायर, हे चार चाकी ओढ आणि गुळगुळीत टायर यापेक्षा कधीही बरं. सपाट शहरात राहणाऱ्या, रस्ते वेळेवर साफ होणाऱ्या भागातल्या बाईला तेवढ्यावर भागतं. पण चढावर घर असेल, किंवा रस्ते साफ व्हायच्या आधी घर सोडावं लागत असेल, तर दोन्ही हवं. जावेचं तसंच. पहाटे पाचला तिच्या गल्लीत बर्फ ढकलणारी गाडी आलेलीच नसते, आणि आली तर सगळं बर्फ ढकलून घराच्या तोंडाशी बांध घालून जाते! तो बांध ओलांडायला चारही चाकांची ओढ लागते आणि गाडीचं पोट जमिनीपासून उंच लागतं.

म्हणून दिरांच्या मनातली नवी कोरी, वर काचेचं छप्पर असलेली गाडी मागे पडली. त्याच पैशात पाच वर्षं वापरलेली सुबारू फॉरेस्टर आणि वेगळ्या रिमवर बसवलेले चार हिवाळी टायर आले, वर थोडे पैसे उरले. फॉरेस्टरचं पोट जमिनीपासून जवळजवळ 22 सेंटिमीटर वर असतं आणि खिडक्या मोठ्या असल्याने चहूकडचं दिसतं. दुसरी कुठली घेऊच नये असं मी म्हणत नाही. सीआर-व्ही आणि राव-फोरही त्यांच्या यादीत होत्या, पण त्यांच्या पैशात बसतील त्या गाड्या फार पळालेल्या निघाल्या.

वापरलेली गाडी घेताना जावेने जे पाहिलं ते मुद्दाम सांगते. तिकडे बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. लोखंडी तव्याला मीठ लागून राहिलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून गंजून पापुद्रे सुटलेली असू शकते. तिने गाडी वर उचलायला लावून बॅटरीच्या उजेडात खालचा भाग पाहिला, ब्रेकच्या नळ्याही. विक्रेत्याला ते रुचलं नाही. नाही रुचलं तर नाही रुचलं! दुसरं, घसरणारी गाडी आपोआप सावरणारी जी यंत्रणा असते, ती अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारगाडीला सक्तीची आहे. त्याआधीची गाडी स्वस्तात मिळत असली तर ती सोय आहे का ते विचारूनच घ्यावी.

तिसरी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. तिने मुलाची खुर्ची बसवून पाहिली. जाड फुगीर कोट घातलेल्या मुलाला पट्ट्यात बांधायचं नसतं. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि मूल पट्ट्यातून निसटू शकतं. कोट काढायचा, पट्टा अंगालगत आवळायचा आणि वरून कोट उलटा पांघरायचा. आजी-आजोबा तिकडे गेले की "अगं, थंडी वाजेल त्याला" म्हणून हट्टाने कोटासकट बसवतात, त्यांना हे प्रेमाने सांगून ठेवा.

डिकीत तिने एक पेटी केली आहे. त्यात घोंगडी, फावडं, बॅटरी, कोरडे मोजे, सुका खाऊ आणि रुतलेल्या चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी असते. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी गोठतं, तिथे न गोठणारं द्रव भरतात. थंडीने टायरमधली हवाही उतरते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड, म्हणून ती महिन्याकाठी तपासायची. आणि जिवाशी गाठ असलेली गोष्ट अशी की गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू करण्याआधी धूर सोडणाऱ्या नळीभोवतीचं बर्फ काढायचं. नळी बुजली तर विषारी वायू आत येतो, त्याला वासही नसतो. ऊब हवी म्हणून इंजिन तासातून दहा मिनिटंच चालवायचं आणि एक काच किंचित खाली ठेवायची. मुलाला चालू गाडीत बसवून बाहेर बर्फ उपसत राहण्याची चूक तिथे दर हिवाळ्यात कुणीतरी करतं.

टायर बसवल्यावर दिरांनी तिला रविवारी एका रिकाम्या मैदानावर नेलं आणि मुद्दाम जोरात ब्रेक दाबायला लावलं. पायाखाली पेडल थरथरतं तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही, दाबून धरायचा. ती थरथर म्हणजे ब्रेकची यंत्रणा आपलं काम करत असते. दहा-बारा वेळा तसं केल्यावर तिला गाडी किती अंतरात थांबते याचा अंदाज आला. आता ती पुढच्या गाडीपासून पूर्वीच्या दुपटीहून जास्त अंतर ठेवते, आणि मागचा भोंगा वाजवतो तर वाजवू देते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही साताऱ्या-कोल्हापूरकडच्या, आम्हाला बर्फ कुठलं? पण पाऊस तर आहे! आणि पावसातही हेच खरं. साचलेल्या पाण्यावरून वेगात गेलं की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, चाक रस्ता सोडतं आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तिथे चार चाकांची ओढ काही करू शकत नाही. पाणी बाहेर फेकायला टायरची नक्षी खोल हवी आणि वेग कमी हवा. महाबळेश्वर किंवा आंबेनळी घाटाच्या डांबरी रस्त्यासाठी फोर बाय फोर घेण्यापेक्षा गोटा झालेले टायर पावसाळ्याआधी बदलावेत. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटरच उरली असं समजा. हे पाहायला गॅरेजात जावं लागत नाही, भाजी आणायला निघताना वाकून पाहिलं तरी दिसतं. शेतावर कच्च्या चिखलाच्या वाटेने जावं लागत असेल, तर मात्र फोर बाय फोरचे पैसे वसूल होतात. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कुठलीच गाडी घालू नये. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवतं आणि दोन फूट पाणी मोठ्या जीपगाडीलाही ओढून नेतं.

हल्ली सुट्टीत मनालीला जाणाऱ्या मंडळींनाही हे उपयोगी पडेल. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही पलीकडे जाता येतं. बर्फ पडल्यावर पोलीस पुष्कळदा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. टॅक्सी ठरवताना भाड्याची घासाघीस करतो, तशी दोन मिनिटं टायरही पाहा आणि "भैया, चेन है क्या?" असं विचारा. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना चेन लावतात. चेन लावल्यावरही ताशी पन्नासच्या वर गाडी न्यायची नसते, उतारावर तर त्याहून कितीतरी कमी, आणि ड्रायव्हर ऐकत नसेल तर मागे बसून आपण मोठ्याने सांगायला काहीच हरकत नाही.